शहराचा कचरा आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी 'कचरा' असे सांगितले. ते जरा गप्पच झाले. वर्धापनदिनासारखा मंगल प्रसंग आणि हा माणूस कचऱ्यावर बोलणार! पण माझी सगळी नोकरी सफाई खात्यात गेली, आणि ज्यातले आपल्याला कळते त्यावरच माणसाने बोलावे. शिवाय आपल्या वस्तीत असे घर विरळाच, की ज्या घरातले कोणीच कधी झाडूखात्यात, कचऱ्याच्या गाडीवर किंवा भंगाराच्या धंद्यात नव्हते. म्हणजे हा विषय आपल्या घरचाच आहे.

तर सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारतो. आज सकाळी तुम्ही घंटागाडीत कचरा टाकला. आता संध्याकाळ झाली. तो कचरा या क्षणी कुठे आहे?

पुष्कळजण म्हणतील, डेपोत. बरोबर. पण डेपो म्हणजे काय? आपल्या पुण्याचेच बघा. पूर्वी शहराचा कचरा कोथरूडला टाकत. 'कोथरूड कचरा डेपो' हे नाव अजून जुन्या माणसांच्या तोंडात आहे. तेव्हा कोथरूड म्हणजे शहराबाहेरचे गाव. पुढे तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या, शिकलेली, नोकरदार, वरपर्यंत ओळखी असलेली मंडळी राहायला आली. मग डेपो हलला. तो गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. आणि उरुळी-फुरसुंगीच्या लोकांच्या विहिरींचे पाणी नासले, माश्यांनी घरात जेवण करणे मुश्कील झाले. त्या गावांनी कितीतरी वेळा रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. २०१४ साली अडवल्या, २०१७ साली डेपोला आग लागली तेव्हा पुन्हा अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत पुण्याच्या पेठांतल्या कुंड्या भरून वाहायच्या आणि मग वर्तमानपत्रांत कचऱ्याच्या बातम्या यायच्या. चार दिवस वास आला तर शहर हवालदिल होते. ज्यांच्या दारात तो वर्षानुवर्षे होता त्यांचे काय, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

मुंबईचेही तसेच. कुर्ला ते चेंबूर हा रेल्वेचा फाटा आज लाखो लोक वापरतात. १९०६ साली तो टाकला तेव्हा त्यावरून माणसे जात नव्हती, शहराचा कचरा जात होता. प्रवाशांसाठी तो खुला झाला १९२४ साली. आणि १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. १९२७ म्हणजे महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते साल. तेव्हापासून आजपर्यंत तीन-चार पिढ्या झाल्या, आणि देवनारच्या त्या डोंगराच्या पायथ्याशी गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांतून कोण राहते ते तुम्हाला मी सांगायला नको. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला. कित्येक दिवस धूर होता. उपग्रहातून काढलेल्या छायाचित्रांत तो धूर दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आता कचऱ्याचा डोंगर पेटतो कसा? कोणी काडी लावली असेल तर लावली, पण तो धुमसत राहतो तो आतल्या वायूने. हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. आपल्या घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला कचरा असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, शिळे अन्न, चहाचा चोथा. हा कचरा मोकळ्या हवेत, थोडा कोरडा पालापाचोळा मिसळून ठेवला तर त्याचे खत होते. पण तोच कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, दुसऱ्या हजार पिशव्यांच्या खाली दाबून टाकला की त्याला हवा मिळत नाही. मग तो सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. गोबरगॅसमध्ये असतो तोच हा वायू. गावाकडे त्याच्यावर चहा होतो आणि डेपोत त्याच्यावर डोंगर पेटतो. शिवाय सडलेल्या कचऱ्यातून काळे पाणी झिरपते. त्यात बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, औषधे, काय काय मिसळलेले असते. तेच पाणी जमिनीत उतरून विहिरीला लागते.

म्हणजे ओला कचराही वाईट नाही आणि सुका कचराही वाईट नाही. दोघांची गाठ पडली की दोघेही बिघडतात. खरकट्यात भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही आणि काचेचे तुकडे असलेले खत शेतकरी घेत नाही.

तुम्ही म्हणाल, आता एवढी मोठी यंत्रे आली आहेत, कचऱ्यापासून वीज करतात, मग घरात वेगळे करण्याची कटकट कशाला? त्याचे उत्तर दिल्लीने फार पूर्वी दिले आहे. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना उभा केला. यंत्रे उत्तम होती. पण आपला कचरा युरोपातल्या कचऱ्यासारखा कोरडा नव्हता. त्यात ओलावा आणि माती एवढी, की तो धड जळेचना. थोड्याच दिवसांत कारखाना बंद पडला. ओले लाकूड चुलीत घातल्यावर काय होते हे आपल्या माता-भगिनींना विचारले असते तरी कळले असते! नंतर या तंत्रात सुधारणा झाल्या, कारखानेही निघाले, पण ओला कचरा जाळायला महागात पडतो ही गोष्ट काही बदलली नाही.

आणि वेगळे करण्याची ही कल्पना काही आजची नाही. पॅरिस शहरात युजीन पुबेल नावाचे एक प्रशासक होते. त्यांनी १८८३-८४ साली हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने झाकणाची भांडी ठेवावीत. एक सडणाऱ्या कचऱ्याचे, एक कागद आणि चिंध्यांचे, एक काच आणि फुटक्या भांड्यांचे. लोक भयंकर चिडले. पण पुढे फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला त्यांचेच नाव पडले, ते आजतागायत आहे. भांडी राहिली, नाव राहिले, वेगळे करणे मात्र तेव्हा मागे पडले. आपल्याकडे ही गोष्ट कायद्यात यायला २००० साल उजाडले. त्याआधी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात शहरांच्या कचऱ्यावर एक जनहित याचिका दाखल झाली होती, त्यातून हे नियम निघाले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करा, ओला-सुका वेगळा करा, उघड्यावर टाकू नका, असे त्यात सांगितले. २०१६ साली सुधारित नियम आले, त्यात कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्या असेही स्पष्ट म्हटले. सुरतेला १९९४ मध्ये प्लेगची साथ आली, लोक शहर सोडून पळाले, ते अनेकांना आठवत असेल. त्यानंतर १९९५ साली एस. आर. राव हे आयुक्त आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना खुर्चीतून उठवून रोज रस्त्यावर फिरायला लावले. दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. म्हणजे मनावर घेतले तर होते.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा राहिलो आहे तिच्याकडे येतो. कचरा घरात वेगळा केला नाही, तर तो कुठेतरी वेगळा होतोच. तो कोण करते?

बघा, कचऱ्यातला पुठ्ठा, पत्रा, काच, दुधाच्या पिशव्या, बाटल्या हा माल आहे. त्याला भाव आहे. म्हणून कोणीतरी तो उपसून काढणारच. तुम्ही दोन पिशव्या करण्याचा आळस केलात, की एक बाई कुंडीत वाकून, कुत्र्यांना हुसकत, उघड्या हाताने तुमचे खरकटे चिवडते. त्यात ब्लेड निघते, सुई निघते, फुटका बल्ब निघतो. त्या बाईची जात कोणती असते? पुण्यात याचा अभ्यास झालेला आहे. कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बायका मातंग आणि बौद्ध समाजातल्या निघाल्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून जी कुटुंबे शहरात आली, त्यांतल्या कित्येकींना दुसरे काम मिळाले नाही, पण या कामाला कोणी जात विचारून अडवले नाही. का अडवतील?

या बायकांनी पुण्यात काय केले ते आपल्या मुलींना मुद्दाम सांगा. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या या बायकांत जाऊ लागल्या. गेल्या होत्या अक्षरे शिकवायला. पण बायकांनी सांगितले, आम्हाला आधी कुंडीतून बाहेर काढा, लोकांच्या दारातून वेगळा केलेला कचरा मिळू द्या. तसा प्रयत्न सुरू झाला. मग कोणीतरी गाडी घेऊन तेच काम करायला पुढे आला. बायकांचा घास जाऊ लागला, तेव्हा त्या एकत्र आल्या. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. त्यांची पहिली मोठी मिळकत कोणती? पैसे नव्हे. ओळखपत्र! १९९५-९६ च्या सुमारास महानगरपालिकेने त्यांच्या ओळखपत्राला मान्यता दिली. त्याआधी पहाटे पोते घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर, असा पोलिसांचा आणि बंगलेवाल्यांचा समज. कार्ड गळ्यात आले आणि ती शहराची कामगार झाली.

पुढे २००८ साली याच बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार केला. दोघी मिळून दीड-दोनशे घरे, कुठे त्याहून जास्त घरे वाटून घेतात. घरोघरी जाऊन कचरा घेतात, घरटी ठरलेले शुल्क मिळते, सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे, आणि ओला कचरा ठरलेल्या ठिकाणी पालिकेच्या गाडीला द्यायचा. संस्थेत तीन हजारांहून जास्त सभासद झाले. मालक त्याच, मजूर त्याच. करार संपत आला, की तो पुढे चालू राहावा म्हणून त्यांना दरवेळी धावपळ करावी लागली, कधी मोर्चाही काढावा लागला, ही गोष्ट वेगळी. मोठे कंत्राट एका कंपनीला देणे सोपे असते. हजारो बायकांशी बोलणे अवघड असते, त्या प्रश्न विचारतात.

या बायकांनी आणखी एक गोष्ट केली. ती इथे बोलायला काही जणांना अवघड वाटेल, पण मी बोलणार. सॅनिटरी पॅड. घरातल्या बाया ते तसेच पिशवीत टाकतात आणि ताईला ते हाताने उघडून बघावे लागते. 'स्वच्छ'च्या बायकांनी २०१३ साली वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवल्या, की तुमचा माल आहे, तुम्हीच बघा! आणि घरांना विनंती केली, की वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते उघडणार नाही. एवढेच मागणे. लाल पेन घरात नसेल असे एकही घर मला माहीत नाही, मुलांच्या दप्तरात असतेच.

आता झाडूखात्याबद्दल. आपल्या राज्यात लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. या सवलतीने कितीतरी घरे सावरली, मी स्वतः पाहिली आहेत. बाप गेला, आई अडाणी, मुलगा कामावर लागला आणि धाकटी भावंडे शिकली. ती सवलत काढून घ्या असे मी कधीच म्हणणार नाही. पण बारावी झालेला, पदवीधर झालेला मुलगा 'वारसाहक्क आहेच' म्हणून पुस्तक मिटून बसतो, तेव्हा मला वाईट वाटते. सफाईचे काम म्हणजे पवित्र सेवा, ती त्याच माणसांनी आनंदाने करीत राहावी, असे सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात खडसावले आहे. त्यांचा विरोध कामाला नव्हता, माणसाला जन्माने कामाशी बांधण्याला होता. थेरगाथेत सुनीत थेरांची कथा आहे. निर्माल्य झाडणारा माणूस. तथागतांनी त्याला 'तू चांगला झाडतोस' असे प्रशस्तिपत्र दिले नाही, त्याला संघात घेतले.

आणि कायम नोकरी असणारे तरी आता किती? पुष्कळ काम कंत्राटावर गेले. मुंबईत कचरा वाहणारे कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. कागदावर त्यांना कामगार नव्हे, 'स्वयंसेवक' म्हणत! शेवटी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला. कचरा वाहतूक श्रमिक संघाची ही लढाई होती.

असाच लढा अमेरिकेत झाला होता, तो सांगतो, कारण त्यात आपल्याला माहीत असलेले एक नाव आहे. मेम्फिस नावाच्या शहरात १९६८ च्या फेब्रुवारीत पाऊस पडत होता म्हणून दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या आतच आडोशाला बसले. कचरा दाबायचे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे त्यात चिरडून मेले. मग तेराशे कामगार संपावर गेले. त्यांनी गळ्यात पाट्या अडकवल्या, 'मी माणूस आहे'. पगारवाढीचा आकडा नाही, फक्त एवढेच. त्यांना पाठिंबा द्यायला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्या शहरात आले आणि तिथेच ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांचा खून झाला. त्यानंतर पंधरवड्याच्या आत शहराने कामगारांची संघटना मान्य केली. किंग यांचे फोटो आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी लागतात. ते कचरा उचलणाऱ्यांच्या संपासाठी गेले असताना मारले गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तर आता आपल्या वस्तीत काय करायचे? मला भाषण ठोकून जायचे नाही. वर्तमानपत्रांत लिहितात, घरात तीन बादल्या ठेवा, गॅलरीत खताचा डबा ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत तीन बादल्या ठेवा म्हणणारा माणूस त्या खोलीत कधी राहिलेला नसतो. आपल्याला जागा नाही, हे मान्य. पण ओट्याखाली एक डबा ओल्याचा आणि दाराच्या खिळ्याला एक पिशवी सुक्याची, एवढे जमते. सुक्याला वास येत नाही, तो आठवडाभर लटकला तरी चालतो. दुधाची पिशवी फाडून, एकदा विसळून टाका. कोपरा कापताना तो तुकडा वेगळा पाडू नका, तेवढा तुकडा कोणीच उचलत नाही आणि तो गटारात जातो. फुटकी काच, ब्लेड कागदात गुंडाळून ताईच्या हातात द्या आणि तोंडाने सांगा, 'काच आहे'. बिस्किटाच्या, वेफर्सच्या चकचकीत पुड्यांना भंगारात भाव नसतो, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात. त्या कमी आणणे एवढेच आपल्या हातात आहे.

आणि आपल्या विहाराच्या अंगणातला पाला दर हिवाळ्यात गोळा करून पेटवतात, ते बंद करा. बोधिवृक्षाचाच पाला तो! कोपऱ्यात विटांचा एक हौद करा, विटांमध्ये फटी ठेवा, म्हणजे हवा खेळेल. एक थर पाला, एक थर भाजीपाल्याची घाण, वर थोडे शेण किंवा आंबट ताक. आठ-दहा दिवसांनी खालीवर करा. दोन-अडीच महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. शिजवलेले अन्न आणि मांसमच्छी त्यात सुरुवातीला घालू नका, उंदीर येतात.

राहता राहिले आपले कार्यक्रम. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, भोजनदानाला आपण हजार-हजार माणसे जेवू घालतो. दुसऱ्या दिवशी पहाटे विहारासमोरचा रस्ता झाडायला कोण येते? आपलाच कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी सून. रात्री आपण घोषणा दिल्या आणि पहाटे तिने पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास वेचले. म्हणून समितीपुढे माझी एक सूचना आहे. पुढच्या भोजनदानाला पाण्यासाठी स्टीलचे पेले वापरू, धुवायला तरुण मंडळाची पोरे लावू, पोरेच, पोरी नव्हेत. पत्रावळी पानांच्या आणू, थर्माकोलच्या नकोत. तीन पिंपे ठेवू. खरकट्याचे, पत्रावळींचे आणि बाकी सुक्याचे. पहिला तास प्रत्येक पिंपाजवळ एक मोठा माणूस उभा करावा लागतो, नाहीतर पहिलाच माणूस चुकीच्या पिंपात टाकतो आणि मागचे सगळे त्याच्यामागे जातात. हा माझा अनुभव आहे. खरकट्यासाठी गोठेवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे लागेल. तीन पिंपे माझ्याकडे आहेत, धुऊन आणून देतो. आणि आपल्या गल्लीत येणाऱ्या 'स्वच्छ'च्या दोघी ताईंना त्या दिवशी पंगतीचे निमंत्रण द्या, वाढप्यांच्या नंतर नव्हे, पहिल्या पंगतीला.

कोणाला काही विचारायचे असेल तर कार्यक्रमानंतर मी इथेच आहे. आता मुलांची गीते व्हायची आहेत, ती कधीची ताटकळली आहेत. सर्वांना जयभीम, नमो बुद्धाय.